पाहुण्यांसाठी पाखडलेलं धान

मी एकतीस वर्षं संशोधनात होतो असं म्हटलं, तर आमच्या विभागातले प्राध्यापक गालातल्या गालात हसतील. नव्हतो म्हटलं, तर माझी बायको भांडायला उठेल. एका तंत्र विद्यापीठाच्या संगणक विभागात मी तांत्रिक सहायक होतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत, पण निवृत्त माणूस लिहायला बसला की भल्या माणसांच्याही पोटात गोळा येतो.

माझं काम सोपं करून सांगतो. पीएचडी करणारा विद्यार्थी फळ्यावर चार चौकोन काढतो, त्यांना बाणांनी जोडतो आणि म्हणतो, "काका, असं काहीतरी पाहिजे." ते असं काहीतरी पत्रा, काच, वायर आणि स्क्रू यांतून टेबलावर उभं करायचं. ते चाललं की त्याचा शोधनिबंध होतो आणि चाललं नाही की काकांनी वायर नीट लावली नसेल असं होतं. यात माझी तक्रार नाही. कित्येकदा वायर खरंच नीट लावलेली नसे.

दुसरं काम गावोगाव जाऊन यंत्रं बसवण्याचं आणि नमुने आणण्याचं. गोंदिया जिल्हा म्हटला की ते आपोआप माझ्याकडे येई, कारण मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आमच्या सरांना, म्हणजे ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली मी सर्वांत जास्त वर्षं काढली त्यांना, वाटे की मी तिथला असल्यामुळे मला तिथलं सगळं कळतं. मलाही तसंच वाटे. मी जे सांगणार आहे ते या समजुतीबद्दलच आहे.

त्याच तालुक्यातल्या केशोरी गावाशी माझा कामातला संबंध आला तो एका बोडीमुळे. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं, धानाला पाणी द्यायला राखलेलं. तिच्यातलं पाणी किती वाढतं, किती घटतं ते विद्यापीठात बसून कळावं म्हणून एका विद्यार्थ्याने यंत्र केलं होतं. काठावर खांब, खांबाला पाण्यावर आलेला आडवा हात आणि त्या हाताला खाली तोंड करून लावलेली एक डबी. डबी आवाज सोडते, आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढते. महिनाभराचे आकडे आले. रोज दुपारी बाराच्या सुमारास पाणी हातभर वर येई आणि चारला परत खाली जाई. विद्यार्थी हुशार होता. त्याने ऊन, जमिनीखालचे झरे आणि हवेचा दाब या सगळ्यांचा विचार करून त्यावर बारा पानं लिहिली.

मी डबी तपासायला गेलो तेव्हा बोडीची मालकीण बांधावर उभी होती. पन्नाशीची, उंच, कमरेला विळा खोचलेला. तिला मी आमची अडचण सांगितली. ती म्हणाली, "दुपारी म्हशी बसतात ना जी तिथं."

खांबाजवळ बाभळीची सावली पडे. तिथे, डबीच्या बरोबर खाली, तिच्या तीन म्हशी पाण्यात बसत आणि डबी इमानदारीने त्यांच्या पाठी मोजत असे. बारा पानं गेली, पण विभागाला सयत्राबाई मिळाली. तिची चार एकर धानशेती होती, नवरा हिरामण अबोल होता, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असे. पुढे त्या भागात काहीही करायचं झालं की मी आधी तिच्या ओसरीवर जाऊ लागलो.

मग विभागात अपूर्वा मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी सगळ्याच संशोधक मुलींना मॅडम म्हणतो. त्या साताऱ्याकडच्या. धान त्यांनी तोवर फक्त ताटात, शिजलेलं पाहिलं होतं. त्यांचा विषय असा. शेतकरी धान विकायला नेतो तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस पोत्यात हात घालतो, मूठभर काढतो, तळव्यावर चोळतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि निकाल देतो. तो म्हणेल ते खरं. सयत्राबाईचं धान एका वर्षी असंच नुसत्या नजरेने "पोचट जास्त आहे" म्हणून परत पाठवलं होतं. ते तिला फार लागलं होतं. धान परत आल्यापेक्षा लोकांदेखत परत आलं, हे जास्त लागलं होतं.

मॅडमना असं यंत्र करायचं होतं की मूठभर धान ताटलीत पसरलं की कॅमेरा फोटो काढेल आणि संगणक सांगेल, इतके दाणे भरलेले, इतके पोचट, इतके काळपट, इतके तुटके, इतका कचरा. शेतकरी आणि व्यापारी दोघांच्या समोर, एकाच पडद्यावर. सयत्राबाईला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली की यंत्राला कुणाची ओळखपाळख नसते. नसते म्हटल्यावर ती म्हणाली, लवकर करा.

अशा यंत्राला नियम शिकवत नाहीत, नमुने दाखवतात. हजारो दाण्यांचे फोटो काढायचे आणि प्रत्येकाला नाव द्यायचं, हा भरलेला, हा पोचट. पाहून पाहून ते शिकतं. लहान मूल गाय आणि म्हैस कशी ओळखायला शिकतं, तसंच. मुलाला आपण नियम कुठे सांगतो.

नमुने आणायचं काम अर्थात माझं. दोन हंगाम मी केशोरी आणि सालेकशाकडच्या तीसेक घरांतून धान आणलं. जाण्याआधी दोन दिवस फोन करायचो. शहरात राहून मला ही सवय लागली होती. गावात कुणी कुणाकडे फोन करून जात नाही, पण मला ते सभ्यपणाचं वाटे. शिवाय गेल्यावर धान तयार असे, पिशवीत भरून, तोंड सुतळीने बांधून.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, रोवणी केली आणि या भागातल्या कितीतरी अंगणांत ते उभे राहिले, पण ओसरीवर बसायचा प्रसंग त्यांना क्वचितच आला. मी गेलो की घरातून खुर्ची येई. चहा येई, तो पितळी ताटलीत ठेवून. "विद्यापीठाचे मेश्राम भाऊ आले," असं शेजारी हाक मारून सांगितलं जाई. मला ते आवडे. फार आवडे. त्या खुर्चीत बसलं की मला समोरचं दिसायचं कमी होई, हे मला फार उशिरा कळलं.

नाहीतर दिसण्यासारखं पुष्कळ होतं. धान हाताळलं की अंगाला खाज सुटते. दाण्याच्या टोकावरची बारीक कूस मानेत, मनगटात शिरते आणि दिवसभर माणूस खाजवत राहतो. मी धानात वाढलेला, पण दोन हंगाम नमुन्यांच्या पिशव्या उघडून मला एकदाही खाज सुटली नाही. प्रयोगशाळेची फरशी झाडावी लागली नाही. मॅडम तर एकदा म्हणाल्या, "काका, खराब दाणे पुरेसे मिळतच नाहीत. तुमच्याकडचं धान फारच चांगलं आहे." मी छाती फुगवून सांगितलं की आमची मातीच तशी आहे. मग मॅडमनी होते तेवढेच थोडे खराब दाणे उलटेसुलटे करून त्यांचेच पुन्हा पुन्हा फोटो काढले आणि काम भागवलं.

प्रयोगशाळेत यंत्र सुरेख चाललं. विभागातले लोक बघायला येऊ लागले. शोधनिबंध स्वीकारला गेला आणि त्यावर चौथं नाव माझं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बायकोने तो कागद अर्जुनीच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवरून पाठवला. त्यातलं अक्षरही कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं. मॅडमचा प्रबंध शेवटच्या प्रकरणावर आला होता. फक्त बाहेरच्या परीक्षकांची एक अट होती. यंत्र प्रयोगशाळेत नको, खऱ्या राइस मिलमध्ये चालवून दाखवा. ते तिथे चाललं नाही तर प्रबंध पुढे जाणार नव्हता.

परीक्षकांच्या आधी आपण एकदा करून बघू म्हणून नोव्हेंबरात आम्ही यंत्र गोंदियाच्या एका मिलमध्ये नेलं. तिथला मिस्त्री म्हातारा होता. चाळीस वर्षं त्याने हाताच्या तळव्यावर धान पारखलं होतं. त्याने एका पोत्यातली मूठ ताटलीत टाकली. यंत्र म्हणालं, उत्तम. दुसऱ्या पोत्यातली टाकली. यंत्र म्हणालं, उत्तम. तिसरी मूठ त्याने मुद्दाम जमिनीवरचा झाडलेला कचरा घालून टाकली, आणि यंत्राने त्यातल्याही अर्ध्या काड्यांना भरलेला दाणा ठरवलं. मिस्त्रीने तोंडावरचा गमछा काढला आणि फार आदराने म्हणाला, "मैडम, आपकी मशीन बहुत शरीफ है. सबको अच्छा बोलती है."

परतीच्या गाडीत मॅडम मिलमधले आकडे वहीत पुन्हा पुन्हा तपासत होत्या. मी मनगटं खाजवत बसलो होतो. ते का, याचा विचार तेव्हाही माझ्या डोक्यात आला नाही.

पुढचे दोन आठवडे मी दिवे बदलले, मिलच्या हादऱ्यांसाठी पेटीच्या पायांना रबर लावलं, भुसा काचेवर बसतो म्हणून छोटा पंखा बसवला. सरांनी विचारलं, वायर? वायर नीट होती. या वेळी खरंच होती. मॅडम संगणकावर बसून आकडे उलटेपालटे करत होत्या आणि दिवसेंदिवस बारीक होत होत्या. शेवटी त्यांनी ताजा नमुना मागितला. मी सयत्राबाईला गुरुवारचा फोन केला, पण विभागात गुरुवारी बैठक निघाली म्हणून बुधवारीच निघालो. उलटा फोन करायचा राहून गेला.

बुधवारी सकाळी मी तिच्या अंगणात पोचलो तेव्हा सयत्राबाई सूप घेऊन धान पाखडत होती. सून बाजूला बसून ताटात एकेक दाणा निवडत होती. अंगणभर भुसा उडत होता आणि कोंबड्या त्यावर तुटून पडल्या होत्या.

"मेश्राम भाऊ, तुमी आजच आले जी? फोन तं उद्याचा होता."

मी विचारलं, "का करून राहिल्या?"

"तुमचाच धान साफ करून राहिलो."

"साफ कायले? मी तं जसा हाय तसा मागतो."

सून पदर तोंडाला लावून हसली. सयत्राबाईने सूप खाली ठेवलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "जसा हाय तसा कोनी पाहुण्याले देते का? तुमी तिकडं नेऊन उघडान, तं लोक म्हनतीन, केशोरीच्या बायाइले धान पाखडता येत नाही."

मी विचारलं, दरवेळी करता? दरवेळी करतो, म्हणाली. फोन आला की करायला घेतो. आम्हीच नाही, सगळेच करतात. आणि मग तिने अभिमानाने सांगितलं की मागच्या साली तर तिने मला बियाण्याचंच धान दिलं होतं, पुढच्या पेरणीसाठी राखलेलं, कारण त्यापेक्षा चांगलं घरात नव्हतं.

आतून खुर्ची आली. मला त्या खुर्चीत बसवेना. माझ्या आईलाही मी हेच करताना पाहिलं होतं. आमच्याकडे धान मोजकंच असे, पण कुणाला पायलीभर द्यायचं झालं तर ती आधी ते दोनदा पाखडायची. हे मला माहीत होतं. ज्याला माहीत असावं म्हणून विद्यापीठाने पाठवलं तो मीच होतो. तीस घरांतल्या बायांनी दोन हंगाम राबून, निवडून, माझ्या मानाखातर मला उत्तम धान दिलं आणि मी ते यंत्राला जग म्हणून दाखवलं.

परतीच्या गाडीत मी बरंच काही ठरवलं आणि मोडलं. खोटं कशाला बोलू, एक विचार असाही आला की गप्प बसावं. मला निवृत्त व्हायला तीन महिने होते. धान कोणी पाखडलं हे कुणाला कधीच कळलं नसतं. छापून येणाऱ्या निबंधावर माझं नाव होतं. पण मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. त्या रोज दिव्यात आणि आकड्यांत चूक शोधत होत्या, आणि चूक माझ्या पिशवीत होती.

प्रयोगशाळेत गेलो तर त्या शेवटचं प्रकरण उघडून नुसत्या बसल्या होत्या. मी म्हणालो, "मॅडम, आपलं धान खरं नाही." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. म्हशींच्या वेळी मी खूप हसलो होतो, ते आठवून आता माझी मलाच लाज वाटत होती, हेही सांगितलं.

त्यांनी उघडलेलं प्रकरण बंद केलं. "चार वर्षं," एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं आता ओरडतील तर बरं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "काका, त्या काढलेलं टाकतात कुठे?"

"कोंबड्यांना."

"म्हणजे माझा प्रबंध कोंबड्यांनी खाल्ला," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या, रडता रडताच. त्या क्षणी मला कळलं की ही मुलगी संशोधक आहे. बाकी पुष्कळांना मी पदव्या मिळताना पाहिलं आहे.

सरांपुढे जाणं राहिलं होतं. सर रागावले तर आवाज बारीक करून बोलतात. त्यांनी बारीक आवाजात विचारलं की नमुने कुणी गोळा केले. मी म्हणालो, मी. त्याच वेळी मॅडम म्हणाल्या की फोन करून जा असं त्यांनीच मला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. सरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, निबंध मागे घ्यायला सांगितलं आणि फेब्रुवारीपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर त्यांच्याही हातात काही नव्हतं. घरी बायकोने विचारलं, नाव गेलं का? मी म्हटलं, गेलं. ती म्हणाली की नातेवाइकांना काही कळवायची गरज नाही, कारण त्यांना आधीही काही कळलेलं नव्हतं.

हंगाम अजून संपला नव्हता. मॅडम आणि मी केशोरीला गेलो, न कळवता. मॅडमनी सयत्राबाईला पुस्तकातल्या मराठीत समजावलं की त्यांना वास्तविक स्वरूपातला नमुना हवा आहे. सयत्राबाईने मान डोलावली आणि साफ नकार दिला. "आमच्या घरी कचऱ्याचा धान नाही भेटत," ती म्हणाली. तिला वाटलं आम्ही तिच्या घरातली घाण चारचौघांत नेणार. चारचौघांत तिचं धान एकदा परत आलेलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती.

मग मी बोललो. "बाई, या मशीननं आतापावेतो लग्नातलेच लोक पाहिले. रोजचा मानूस समोर आला तं तिले ओरखता येत नाही. तुमचा धान नुसता पाहून परत केला ना त्या मानसानं? तसंच आता मशीन करन. खराब कसा असते हेच तिले मालूम नाही."

तिने विचारलं, "म्हनजे माह्यामुळे मशीन खोटी बोलून राहिली?"

"तुमच्यामुळे नाही. माह्यामुळे."

"दोघाइमुळे," तिने निकाल दिला, आणि उठून अंगणाच्या फाटकाला कडी लावली, शेजारणींना दिसू नये म्हणून. मग खळ्यावरचं, मळणी करून तसंच पडलेलं धान तिने आमच्यापुढे आणून ओतलं. माझ्या मानेला लगेच खाज सुटली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

कडीचा काही उपयोग झाला नाही. दोन दिवसांत सगळ्या शेजारणींना कळलं आणि त्या आपापली सुपं घेऊनच आल्या. प्रत्येक दाण्याला नाव देण्याचं काम प्रयोगशाळेत विद्यार्थी करतात, पडद्यावर फोटो बघून बटण दाबत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना सगळेच दाणे भरलेले दिसायला लागतात. इथे सात-आठ बाया गोल करून बसल्या आणि हातांनी ढीग लावत गेल्या. भरलेला, पोचट, काळपट, तुटका, कचरा. मॅडम फोटो काढत होत्या, मी पाकिटांवर लिहीत होतो. एखाद्या दाण्यावरून बायांत वाद झाला की तो वेगळ्या वाटीत जाई, आणि दिवसाच्या शेवटी त्या वाटीचा न्याय सयत्राबाई करी.

एक दिवस तिने भरलेल्यांच्या ढिगातून एक दाणा उचलून बाजूला टाकला. हा मिलमध्ये तुटेल, म्हणाली. मॅडमनी तो निरखून पाहिला. त्यांना तो चांगला भरलेला दिसत होता. सयत्राबाईने नखाने त्याचं साल काढलं, आतला तांदूळ बोटांत धरून उन्हाकडे केला आणि मॅडमना वाकायला सांगितलं. तांदळाच्या पोटात केसासारखा बारीक तडा होता. वाळलेलं धान दवात भिजलं आणि पुन्हा उन्हात पडलं की असं होतं, तिने सांगितलं. सालावरून तिला ते कसं कळलं होतं, हे ना तिला सांगता आलं, ना मॅडमना शोधता आलं.

पण उन्हाचं मला कळलं. आमच्या पेटीत उजेड फक्त वरून पडत होता. मी ताटलीचा तळ काढून तिथे दुधी काच बसवली आणि खालून दिवा लावला. सोबत मूठभर धानाची सालं काढायला रबर लावलेल्या दोन फळ्या केल्या. तडे पडद्यावर रेघांसारखे दिसू लागले. एकतीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचाराल तर ती दुधी काच, आणि कल्पना माझी नव्हती.

फेब्रुवारीत परीक्षक आले. त्याच मिलमध्ये, त्याच मिस्त्रीसमोर. सर हात मागे बांधून उभे होते. मी सयत्राबाईलाही बोलावलं होतं. ती पहाटेच्या बसने निघून, नवी साडी नेसून आली होती आणि सोबत स्वतःच्या धानाची पिशवी होती. मिस्त्रीने एकामागून एक मुठी टाकल्या. आधी तो तळव्यावर चोळून आपला अंदाज परीक्षकांच्या कानात सांगे, मग यंत्र चालू व्हायचं. पहिल्या मुठीला जुळलं. दुसरीला जुळलं. तिसरीला यंत्राने पोचट थोडं जास्त सांगितलं, तेव्हा मिस्त्रीने दाणे पुन्हा चोळले आणि स्वतःचा अंदाज बदलला. मॅडमचे ओठ हलत होते. त्या नवस बोलत होत्या की आकडे मोजत होत्या ते मी कधी विचारलं नाही.

शेवटी परीक्षक म्हणाले, एखाद्या शेतकऱ्याचं धान आहे का? सयत्राबाईने पिशवी पुढे केली. तिने पाखडलं असेल तर सगळं मुसळ केरात. नसेल पाखडलं, तर परीक्षक, सर, मिलमधले हमाल, एवढ्या लोकांदेखत तिच्या धानाचा निकाल लागणार होता. पडद्यावर आकडे आले. पोचट बरंच होतं. काळपटही होतं. मिस्त्रीने तिचं धान चोळलं आणि हळूच म्हणाला, "सही बोल रही है."

"बोलू द्या जी," सयत्राबाई म्हणाली. "खरंच तं बोलून राहिली." मग डोक्यावरचा पदर नीट करून तिने परीक्षकांना सांगितलं, "घरी खायचा वेगरा हाय. तो साफ हाय."

मॅडमना पदवी मिळाली. निबंध नव्याने लिहिला गेला, त्यावर चौथं नाव सयत्राबाईचं आणि पाचवं माझं आहे. सरांनी सयत्राबाईचा हुद्दा काय लिहायचा म्हणून विचारलं, तेव्हा मॅडमनी लिहिलं, धान उत्पादक, केशोरी. माझ्या बायकोने हा कागदही सगळ्यांना पाठवला. पाचवं नाव चौथ्यापेक्षा वरचं असतं असा नातेवाइकांचा समज झाला आहे आणि तो मी तसाच ठेवला आहे.

निवृत्त होऊन मी अर्जुनीला आलो. वडिलांनी कधी विकत घेता न आलेली दीड एकर बांधी मी घेतली. यंदा पहिलं धान आलं. गेल्या आठवड्यात मॅडमच्या हाताखालच्या नव्या मुलीचा फोन आला. मॅडम आता विद्यापीठातच शिकवतात. त्यांना या हंगामाचे नमुने हवेत, उद्या तुमच्याकडे येऊ का, तिने विचारलं. मी म्हटलं, या, न कळवता आला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको अंगणात आली आणि थबकली.

"आता काऊन पाखडून राहिले?"

मी हातातल्या सुपाकडे पाहिलं. ते माझ्या हातात कधी आलं ते मला खरंच सांगता येणार नाही. अर्धं धान साफ झालं होतं आणि भुसा पायाशी पडला होता. मी खाली बसलो, तो सगळा गोळा केला, पोचट, काड्या, काळे दाणे, आणि परत धानात मिसळला. ती मुलगी आली, खुर्चीत बसली, चहा प्याली आणि पिशवी घेऊन गेली.

त्या नमुन्यात दोन खडे कमी आहेत. ते मी खिशात टाकले होते. विद्यापीठात माझ्या घरच्या धानात खडे निघावेत हे मला बघवलं नसतं. हे ज्या वार्षिक अंकात छापून येणार आहे तो अपूर्वा मॅडम दरवर्षी वाचतात, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्यांनी ते दोन धरून हिशेब करावा.